लिंबाच्या मफिनचा वंशवृक्ष : जालन्याची बाग, लोणारचा खार आणि अडलेली भट्टी

१/
वाढदिवस जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. केक कापणे ही आपली रीत नव्हे, औक्षण ही आपली रीत, असा त्याचा आशय असतो. त्याखाली दोन तट पडतात आणि दोन्हीकडचे लोक इतिहासाचा दाखला देतात. आजच्या धाग्यात त्या वादाला एक लहानशी वस्तू घेऊन सामोरे जाऊ. लिंबाचा रस घातलेला, वरून साखरेचा पांढरा थर दिलेला मफिन. तो आज जालन्यातल्या कोणत्याही साध्या स्वयंपाकघरात होऊ शकतो. त्यातली एकेक वस्तू उचलून तिचे मूळ गाव विचारू. निष्कर्ष आधीच सांगून ठेवतो : सामग्री बहुतेक घरचीच होती, अडले ते भट्टीपाशी.

२/
प्रथम लिंबू. इंग्रजी पाककृतीतील ‘लेमन’चे आपण ‘लिंबू’ असे भाषांतर करतो आणि पहिल्याच पायरीवर घसरतो. युरोपातील लेमन पिवळे, जाड सालीचे, लांबोडके. आपले कागदी लिंबू लहान, गोल, आणि नावाप्रमाणेच कागदासारख्या पातळ सालीचे. वनस्पतिशास्त्रात ही दोन वेगळी फळे आहेत. कागदी लिंबाला इंग्रजीत लाइम म्हणतात. म्हणून त्या पाककृतीत ‘साल किसून घाला’ असे लिहिलेले असते तेव्हा आपल्याकडे पंचाईत होते. कागदी लिंबाची साल किसायला गेले की हिरव्या थराखालचा पांढरा कडू भाग लगेच हाताला लागतो.

३/
मात्र दोघांचे एक पूर्वज समान आहे, आणि ते आपल्या चांगल्या ओळखीचे आहे : महाळुंग. संस्कृतातील मातुलुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातले फळ हेच. लिंबूवर्गीय फळांच्या जनुकांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आज बाजारात दिसणारी बहुतेक फळे महाळुंग, पपनस आणि संत्र्याचे मूळ रानटी कूळ अशा मोजक्या पूर्वजांच्या संकरातून आली. युरोपीय लेमन हे आंबट नारिंग आणि महाळुंग यांचे अपत्य. कागदी लिंबू हे महाळुंग आणि आग्नेय आशियातील एका रानटी लिंबाचे अपत्य. या कुळांचा उगम हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या पट्ट्यात मानला जातो. तेव्हा मफिनमधला ‘विलायती’ लेमन हा मुळात पूर्वेकडून पश्चिमेला गेलेला प्रवासी आहे.

४/
आता मोसंबी. जालन्याचे नाव निघाले आणि मोसंबी आली नाही, असे होणार नाही. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्यातच बदनापूर येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे. आणि तरी या फळाचे नाव पाहा : ‘मोसंबी’ हे मोझांबिकवरून आलेले नाव. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ती पोर्तुगीज वसाहत, १९७५ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होती. म्हणजे ज्या फळाला आज कायद्याने जालन्याचे मानले आहे, त्याच्या नावात दुसऱ्या खंडाचा शिक्का आहे. केकला परका म्हणणारा मनुष्य मोसंबीला परकी म्हणत नाही. का म्हणत नाही, याचे उत्तर पुढे भट्टीपाशी मिळेल.

५/
जालन्याच्या बागांचा लौकिक आजचा नाही. १९११ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामध्ये जालन्यावर जेमतेम काही ओळी आहेत. त्या ओळींत तीन गोष्टी सापडतात : १८२७ मध्ये वसवलेली आणि १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची राहिलेली छावणी, कुंडलिका नदीपलीकडची कादिराबादची पेठ, आणि बागांतील फळे, जी मोठ्या प्रमाणावर बाहेर पाठवली जात. लोकांच्या तोंडी ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आहे. ती व्यापारावरून पडली असे सांगतात. विश्वकोशाच्या संपादकाने मात्र एवढ्या थोड्या जागेत फळांना स्थान दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला होता, आणि नाशवंत मालाला रेल्वे म्हणजे संजीवनी.

६/
आंबटपणा झाला. आता मफिन फुगतो कशाने, ते पाहू. हा धाग्यातला माझा सर्वांत आवडता भाग आहे, त्यामुळे थोडे रेंगाळणार आहे.

पाव फुगतो तो किण्वाने. त्याला तास-तास लागतात. मफिन किंवा केक फुगतो तो आम्ल आणि अल्क यांच्या झटापटीतून सुटणाऱ्या कर्बवायूने. लिंबाच्या रसातील सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की मिश्रण फसफसते. वायूचे बुडबुडे पिठात अडकतात. उष्णतेने पीठ घट्ट होऊन ते बुडबुडे तसेच कायम राहतात. लिंबाच्या रसातील हे आम्ल स्फटिकरूपात प्रथम वेगळे केले ते कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने, १७८४ मध्ये.

७/
म्हणजे हवे एक आम्ल आणि हवा एक खार. आम्ल जालन्याच्या बागेत. आणि खार?

जालना जिल्ह्याच्या मंठा तालुक्याची सीमा ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यातील लोणार लागते. उल्कापाताने बनलेल्या त्या विवरातील सरोवराचे पाणी समुद्रासारखे नुसते खारट नाही, ते अतिशय अल्कधर्मी आहे. सामू दहाच्या आसपास. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर सोड्याचे क्षार उघडे पडतात. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली, आणि पुष्कळ लेखांत ‘शोध’ म्हणून तेच वर्ष दिले जाते. ते सोडून द्या. त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी अबुल फजलने आइन-ए-अकबरीत मेहकर सरकारचे वर्णन करताना या डोंगरांत काच आणि साबण बनवण्याची सारी सामग्री मिळते, असे लिहून ठेवले आहे. काच आणि साबण, दोन्हींचा जीव सोड्यात असतो. त्याच अबुल फजलचे वास्तव्य पुढे काही काळ जालन्यात होते, अशी परंपरा गॅझेटिअरमध्ये नोंदवलेली आहे.

८/
एक सावधगिरी. लोणारच्या क्षारात आणि डब्यातील खाण्याच्या सोड्यात फरक आहे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. नैसर्गिक क्षारात धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे कार्बोनेटचा, अंश मोठा असतो. तो जहाल. उद्या कोणी सरोवराकाठची पांढरी पापडी उचलून केकमध्ये घालू नये. (हे लिहावे लागते, कारण मागच्या एका धाग्यानंतर एका वाचकाने शिलाजिताचा प्रयोग करून पाहिला होता.) पण अन्नात खार घालण्याची कल्पना आपल्या घरांना नवी नव्हती. पापडखाराशिवाय उडदाचा पापड फुलत नाही, हे प्रत्येक आजीला ठाऊक होते. खार पिठाला हलके करतो, हे ज्ञान स्वयंपाकघरात होतेच. आंबट ताकात किंवा दह्यात खार घातला की पीठ फसफसते, हेही दिसत होते.

९/
युरोपात हे ज्ञान डब्यात बंद झाले ते १८४३ मध्ये. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याच्या पत्नीला किण्व सोसत नसे. म्हणून त्याने किण्वाशिवाय पाव फुगवणारी बेकिंग पावडर तयार केली. त्याआधी १८३७ मध्ये तिला अंडी चालत नाहीत म्हणून त्याने अंड्याशिवायचे कस्टर्ड केले होते. ‘एगलेस’ हा भारतीय अट्टाहास आहे असे समजणाऱ्यांनी या दाम्पत्याला एकदा नमस्कार करावा. आज आपण ज्याला मफिन म्हणतो तो पेल्यातला मऊ पदार्थ अशाच रासायनिक फुगवणीतून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला. इंग्लंडचा जुना मफिन वेगळा : किण्वाने फुगवलेला, तव्यावर भाजलेला, चपटा.

१८४३ हे साल लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

१०/
आता वरचा पांढरा थर. इंग्रजीत त्याला ग्लेझ म्हणतात, आणि पुष्कळांना तीच या पदार्थातील सर्वांत विलायती गोष्ट वाटते. मला ती सर्वांत मराठी वाटते. पाकातल्या पुऱ्या आठवा. आंबट दह्यात भिजवलेली पुरी, वर साखरेचा पाक, आणि त्या पाकात लिंबाचा रस. आंबट-गोड थराने मढवलेला पिठाचा पदार्थ ही कल्पना आपल्या सणासुदीच्या ताटात मुरलेली आहे. पाकातले चिरोटे, बालुशाही ही त्याच घराण्यातली भावंडे. साखर हा शब्दच ‘शर्करा’पासून निघालेला, आणि फारसी-अरबीमार्गे युरोपीय भाषांतील साखरेची नावेही त्याच मुळातून निघाली.

११/
येथे रसायनाची एक गंमत आहे. पाकात लिंबू पिळतो ते पाक आळून साखर परत दाणेदार होऊ नये म्हणून. उष्णता आणि आम्ल यांच्यामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो, आणि ते मिश्रण सहजी स्फटिक धरत नाही. मफिनवरच्या थरात मात्र लिंबाचा रस थंड असतो. पिठीसाखर त्यात कालवली की थोडी विरघळते, पाणी उडून गेले की पुन्हा स्फटिक धरते आणि पांढरे कवच तयार होते. तेच लिंबू, तीच साखर. एकीकडे काम स्फटिक रोखण्याचे, दुसरीकडे स्फटिक होऊ देण्याचे. फरक फक्त आचेचा.

१२/
पिठाबद्दल थोडक्यात. मराठवाडा हा ज्वारीचा मुलूख. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही, त्यामुळे त्याला वायू धरून ठेवता येत नाही. भाकरी पापुद्रा सोडून फुगते ती आतल्या वाफेने. गहू सणाचा. सपिटाची पोळी, चिरोट्यासाठी वस्त्रगाळ मैदा, हे कष्टाचे काम असे आणि म्हणून वर्षातून मोजक्या वेळा होई. गिरण्यांचा स्वस्त मैदा फार पुढची गोष्ट. तेव्हा पीठ अगदीच अनोळखी नव्हते, महाग मात्र होते.

१३/
लिंबू, खार, साखर, मैदा, लोणी. सारे होते. मग जालन्याच्या जुन्या घरात केक का झाला नाही?

चुलीमुळे. मराठी चूल खालून तापते. तिच्यावर तवा, कढई, पातेले बसते. भाजणे, तळणे, उकडणे, वाफवणे एवढे तिला येते. मफिनला चारही बाजूंनी सारखी उष्णता हवी, आणि त्यासाठी बंद भट्टी हवी. भट्टी एका घराला परवडत नाही. ती तापायलाच ढीगभर लाकूड लागते आणि एकदा तापली की तिच्यात गावभराचे भाजून निघते. म्हणून भट्टी जगात सगळीकडे सामाईक असते. आणि सामाईक आग म्हटली की आपल्या समाजात लगेच पुढचा प्रश्न यायचा : भाजणारा कोण?

१४/
औरंगाबादचे नान-खलिया घ्या. मोठ्या तंदुरात भाजलेला नान, शेजारी खलिया. ही परंपरा तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी हलवली तेव्हाच्या सैन्याशी जोडली जाते. कथा कितीही जुनी असो, भट्टीचा नान मराठवाड्यात शतकानुशतके होता. मात्र तो मुसलमान भटियाऱ्याच्या हातचा होता, आणि पंक्तीच्या नियमांत बसणाऱ्या घरांत तो शिरला नाही.

१५/
पश्चिमेकडून दुसरी भट्टी आली. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर. किण्व मिळेना तेव्हा माडाच्या ताडीने पीठ आंबवले गेले. भाजणाऱ्याला पदेर हे नाव पडले. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आला. पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती खोटी आहे. पण ती इतकी का टिकली याचा विचार करा : त्या पदार्थाविषयीची किळस तिच्यात साठवलेली आहे. गोवा आणि वसईकडे एक आख्यायिका ऐकू येते. विहिरीत पाव टाकला, नकळत गावाने ते पाणी प्यायले आणि गाव बाटले. ती घडली की नाही हा मुद्दा गौण. पावाचा तुकडा धर्म बदलू शकतो, असे लोकांना वाटत होते, हे खरे.

१६/
आणि आता १८४३.

त्या वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, मिशनऱ्यांकडे राहिला. वडील न्यायालयात गेले. न्यायालयाने मुलाचा ताबा वडिलांना दिला. पण खरा खटला तेथून पुढे सुरू झाला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडचे अन्न खाल्ले होते, एवढेच. अशा मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेता येते का? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर घेता येते या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. बर्मिंगहॅममध्ये एक नवरा बायकोच्या पोटाला सोसेल असा पाव शोधत होता, त्याच वर्षी मुंबईत एका मुलाच्या पोटात गेलेल्या अन्नावरून त्याला घर मिळणार की नाही, हे ठरत होते.

१७/
या प्रकरणाचा जालन्याशी संबंध काय? नारायण शेषाद्रींनी पुढे आपल्या कार्यासाठी जालनाच निवडले. १८६० च्या दशकात ते तेथे काम करू लागले, आणि निजामाच्या दरबाराकडून, सालारजंग दिवाण असताना, मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. तिच्यात येणारे बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्यांच्यासाठी एका मराठी ब्राह्मणाने गाव उभारले. आजच्या जालना शहराच्या इतिहासात या माणसाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असे मला वाटते. धर्मांतराविषयी तुमचे मत काहीही असो.

१८/
जालन्याच्या छावणीत भट्टीची आग होती. ब्रिटिश सैन्याचा शिधा पावाशिवाय पुरा होत नसे. जालन्यात पूर्वी मद्रासी सैन्याचे ठाणे होते. त्याच मद्रास लष्करातील केनी-हर्बर्ट या अधिकाऱ्याने १८७८ मध्ये अँग्लो-इंडियन स्वयंपाकावर एक प्रसिद्ध पुस्तक काढले आणि तंबूतील मुक्कामात पाव करायचा तर डब्यातील बेकिंग पावडर कशी उपयोगी पडते, हे त्यात सांगितले. साहेबाच्या खानसाम्याकडे भट्टी नसली तर तो झाकणाच्या देगचीवर निखारे ठेवून काम भागवी. छावणी आणि गाव यांच्यात कुंडलिकेच्या पात्राहून रुंद असे अंतर होते. ते शिवाशिवीचे.

१९/
हे अंतर किती रुंद होते, याची मोजणी १८९० मध्ये पुण्यात झाली. पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली. त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी शिष्टाचार म्हणून पेल्याला नुसता हात लावला. पाहुण्यांत न्या. रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी सर्वांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. ग्रामण्य झाले. प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारी गेले. कित्येक घरांतले श्राद्ध, लग्नकार्य अडले, भटजी मिळेनात. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल ऐकले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या दिवसांची हकिगत आहे, ती तरुण वाचकांनी अवश्य वाचावी. पुस्तकी इतिहासात ‘चहा-ग्रामण्य’ असे एका शब्दात आटोपते. घरात बायकांनी काय सोसले, ते तेथे कळते.

२०/
लक्षात घ्या : चहाचे पाणी आणि बिस्किटाचे पीठ, दोन्ही ‘कोणाच्या हातचे’ या एकाच कसोटीवर नापास झाले. चव, पथ्य, संस्कृती यांचा तेथे प्रश्नच नव्हता. दिल्लीत १८९८ मध्ये निघालेल्या एका बिस्किट कंपनीचे नावच ‘हिंदू बिस्किट कंपनी’ होते. नावातच ग्राहकाला दिलासा. मोसंबीला हा प्रश्न कधी विचारावा लागला नाही. फळ झाडावरून येते, सोलून खाल्ले जाते. मध्ये कोणाची आग नाही. म्हणून मोझांबिकचे फळ दोन पिढ्यांत जालन्याचे झाले आणि भट्टीतला पाव चार शतके दाराबाहेर उभा राहिला.

२१/
अपवाद होते, आणि ते फार देखणे आहेत. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले पाहा. जाड बुडाच्या भांड्यात मिश्रण, खाली मंद आच, वर झाकणात निखारे. ही घरगुती भट्टीच. याच समाजातील लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० मध्ये निघाले.

दुसरा अपवाद नानकटाईचा. तिच्या उगमाची एक सुरती कथा प्रसिद्ध आहे : डच गेले, त्यांची भट्टी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली, ताडीच्या पावाला गिऱ्हाईक कमी झाले तेव्हा सुकवलेल्या पावातून आणि पुढे किण्वाशिवायच्या पिठातून हे खुसखुशीत प्रकार निघाले. ताडी नाही, अंडे नाही, पाणीही नाही. नुसते तूप, साखर, पीठ.

२२/
मराठी मध्यमवर्गाने या नानकटाईवर जी तोड काढली, तिला तोड नाही. दिवाळीपूर्वी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरून मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात भरून बेकरीत न्यायचे. समोर उभे राहून मळून घ्यायचे. पत्र्याच्या ताटांवर ओळी लावायच्या. भाजून झाल्यावर गरम डबे घेऊन घरी यायचे. महाराष्ट्रातील कित्येक शहरांत बेकरीवाला मुसलमान किंवा इराणी असे. पीठ आपले, तूप आपले, डोळे आपले, आग तेवढी त्याची. तुपात केलेला पक्का पदार्थ पाण्याच्या कच्च्या अन्नापेक्षा सोवळ्याच्या नियमात नेहमीच सैल मानला जाई, त्याचाही हातभार लागला असावा. कोणी सभा घेतली नाही, कोणी प्रायश्चित्त मागितले नाही. पंचहौदच्या वादात विद्वानांना जे साधले नाही, ते डबे घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आयांनी आणि मुलांनी साधले.

२३/
आग अखेर घरात आली ती एका अनपेक्षित भांड्यातून. १९५९ मध्ये प्रेस्टिज आणि हॉकिन्स या दोन्ही कंपन्यांचे प्रेशर कुकर भारतात निघाले. ते डाळ-भात शिजवण्यासाठी. पण कुणा गृहिणीने त्याची रबरी रिंग आणि शिट्टी काढली, तळाशी बारीक वाळू किंवा मीठ पसरले, वर जाळी ठेवली आणि त्यावर केकचे भांडे. वाळू तापते, उष्णता हळूहळू सोडते, झाकण ती कोंडून ठेवते. भट्टी! पुढे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, मग काचेच्या दाराचा. मासिकांच्या पाककृतींत वाटी-चमच्याचे माप होतेच. अंड्याऐवजी दही किंवा आटवलेले दूध, अधिक सोडा. २०२० च्या टाळेबंदीत शहरापासून तालुक्यापर्यंत केक झाले ते पुष्कळदा याच कुकरमध्ये. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांचे नाव लागणार नाही अशा बायकांनी भट्टीचा प्रश्न सोडवला.

२४/
आता प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी, कारण उत्तरात तो प्रश्न येणारच : जालन्याचे आहोत तर मोसंबी घालून चालेल का?

चालेल, पण गणित बदला. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल सुमारे ५ ते ६ टक्के असते. मोसंबीच्या रसात ते एक टक्क्याच्याही खाली. पाव चमचा खाण्याचा सोडा निष्प्रभ करायला एका कागदी लिंबाचा रस, म्हणजे मोठा चमचाभर, पुरतो. तेवढेच काम मोसंबीकडून करून घ्यायचे तर कित्येक पट रस लागेल आणि पिठाची कांजी होईल. मग सोडा उरतो आणि केक साबणासारखा लागतो. (लोणारच्या साबणाची आठवण येथे करून घ्यावी.) म्हणून आम्ल लिंबाचे किंवा दह्याचे ठेवा, सुगंध मोसंबीच्या सालीचा घ्या. मोसंबीची साल जाड आणि तेलाने भरलेली असते. जे कागदी लिंबाला जमत नाही ते तिला जमते. फक्त रंगीत थर किसा, पांढऱ्याला स्पर्श करू नका.

२५/
आणि मोसंबी घेताना बहार विचारा. झाडाला पाणी तोडून ताण देतात, मग पाणी सोडले की ते फुलते. आंबिया बहार हिवाळ्याच्या अखेरीस फुलतो, फळ पावसाळ्यानंतर हाती येते. मृग बहार पावसाळ्याच्या तोंडावर फुलतो, त्याचे फळ उन्हाळ्याच्या सुमारास. दोन्ही शब्दांमागे पाण्याचा हिशेब आहे. तो हिशेब २०१२-१३ मध्ये कोलमडला. त्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. वर्षानुवर्षे जोपासलेल्या बागा उभ्या वाळल्या. कोणी टँकरने पाणी घालून झाडे जगवली, कोणी कुऱ्हाड लावून सरपण केले. मोसंबीला फळ धरायला काही वर्षे लागतात, त्यामुळे एक उन्हाळा म्हणजे एका कुटुंबाची दहा-बारा वर्षांची मेहनत. मानांकन त्यानंतर तीन वर्षांनी मिळाले.

२६/
या बागांतील फळ आजही प्रामुख्याने ताजे विकले जाते, रसाच्या गाड्यांवर आणि दूरच्या बाजारांत. साल टाकून दिली जाते. युरोपात त्याच सालीचा मुरांबा होतो, तेल निघते, केकमध्ये कीस पडतो. जालन्यातल्या रसवंतीच्या मागे दुपारी जो सालींचा ढीग साचतो, त्यातली दोन-चार ताजी साले स्वच्छ धुऊन, किसून, साखरेत चोळून रात्रभर बरणीत ठेवा. सकाळी झाकण उघडाल तेव्हा साखर पिवळसर आणि ओलसर झालेली असेल. कुकर तापत ठेवायला हरकत नाही.